विद्यार्थ्यांची सकाळ आदल्या रात्रीच सुरू होते



‘उद्यापासून पाचला उठायचे’ हा संकल्प बहुधा प्रत्येक घरात वर्षातून दोनदा तरी होतो. एकदा नव्या वह्यांना कव्हरे घालताना आणि एकदा सहामाहीचा निकाल हाती आल्यावर. तीन-चार दिवस तो टिकतो. पाचव्या दिवशी गजर बंद करून आपण कूस बदलतो आणि त्यानंतर मनात जे सुरू होते, ते आळसापेक्षा घातक असते : ‘माझ्यात निश्चयच नाही, मला काही जमणार नाही.’ पहाटे उठणे ही साधना आहे. साधना करताना विद्यार्थी स्वतःच्याच नजरेतून उतरू लागला, तर साधनेची मांडणी कुठेतरी चुकली आहे असे समजावे.

ब्राह्ममुहूर्त म्हणजे नेमके किती वाजता ?

पहिली चूक घड्याळाची आहे. आपल्या परंपरेत एका अहोरात्राचे तीस मुहूर्त मानले आहेत, प्रत्येक ४८ मिनिटांचा. सूर्योदयाच्या लगेच आधीचा मुहूर्त सोडून त्याच्याही आधीचा जो मुहूर्त, तो ब्राह्ममुहूर्त. म्हणजे तो सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी सुरू होतो आणि ४८ मिनिटे उरली असताना संपतो. मुंबईत जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा ब्राह्ममुहूर्त सुमारे ४.२४ ला लागतो. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातच्या आसपास जातो, तेव्हा तोच मुहूर्त सुमारे ५.३९ ला लागतो. जूनमध्ये आसामच्या दिब्रुगडला सूर्योदय सव्वाचारच्या सुमारास होतो आणि द्वारकेला सहा वाजून गेल्यावर. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे देशभरातल्या मुलांना ‘पाचला उठा’ असे सरसकट सांगण्यात फारसा अर्थ नाही. दिब्रुगडच्या मुलाने जूनमध्ये पावणेतीनला उठून बसावे, असे कोणताही समंजस गुरु सांगणार नाही.

दुसरी चूक याहून मोठी आहे. वाग्भटांनी ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात दिनचर्येचा अध्याय ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासूनच सुरू केला आहे. पण हे त्यांनी ‘स्वस्थ’ माणसाला सांगितले आहे. तो एक शब्द आपण सोयीस्करपणे गाळतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंतांनी अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला एकाच पंक्तीत बसवले आहे : योग दोघांनाही साधत नाही. रात्री एकपर्यंत जागायचे, चारला उठायचे आणि वर्गात दुसऱ्या तासाला डुलक्या घ्यायच्या, याला तप म्हणता येत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचा अभ्यास करणारे वैद्य सांगतात. या वयात शरीराचे आतले घड्याळ आपोआप थोडे पुढे सरकते, त्यामुळे रात्री झोप उशिरा येते. मुलगा दहाला झोपू शकत नाही, हा प्रत्येक वेळी त्याचा हट्ट नसतो. शिवाय दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे कामही झोपेतच चालते. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणे, आणि तोही खिसा फाटकाच.

आता हिशोब करा. साडेपाचला उठायचे असेल, तर साडेनऊला दिवा मालवला पाहिजे. ज्यांचा क्लासच नऊला सुटतो, त्यांनी सहा किंवा साडेसहाची वेळ धरावी. देव रागावणार नाही. सध्या सात वाजता उठत असाल, तर उद्या पावणेसातला उठा. ते अंगवळणी पडल्यावर साडेसहाला. एकदम दोन तास मागे आणण्याच्या हट्टापायीच पाचवा दिवस कोसळतो.

रात्रीची तयारी

दप्तर भरलेले, गणवेश खुंटीवर, पाण्याचा तांब्या उशाशी. आणि एक गोष्ट विशेष करून : सकाळी कोणत्या विषयाचे कोणते पान उघडायचे, हे ठरवून तिथे खूण घालून ठेवा. पहाटे निर्णय घेण्याची शक्ती अर्धवट जागी असते. ‘आता काय करू ?’ या प्रश्नातच पंधरा मिनिटे जातात, आणि तेवढ्यात हात मोबाईलकडे वळतो.

मोबाईलविषयी स्पष्टच सांगायला हवे. गजर लावण्यासाठी तो उशाशी लागतो, ही सबब जुनी झाली. गजराचे साधे घड्याळ बाजारात अजूनही मिळते. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. डोळे उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे मनात शिरते, त्याच्या मागे मन पुढचा बराच वेळ फिरत राहते. तिथे मित्राच्या गुणांची बातमी किंवा कुणाचे भांडण शिरले, तर नंतर जपाला बसूनही तेच घोळत राहते.

उठल्यावर

अंथरुणातच बसून तळहातांचे दर्शन घ्या. जमिनीवर पाय ठेवण्याआधी धरणीला हात लावून तो कपाळाला लावा. आपल्या आजी-आजोबांनी ही पद्धत जपली, ती उगीच नव्हे. ज्या हातांनी दिवसभर लिहायचे आहे आणि जी भूमी दिवसभर आपला भार सोसणार आहे, त्यांची आठवण ठेवून सुरुवात होते, इतकेच. याला अर्धे मिनिटही लागत नाही. मग पाणी प्या, तोंड धुवा, आणि खिडकी उघडा किंवा गच्चीत जा. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचे घड्याळ त्यावरून आपली वेळ लावून घेते आणि रात्री झोपही वेळेवर येऊ लागते.

सूर्यनमस्कार घाला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, कारण त्यांना साधन लागत नाही, शुल्क लागत नाही, एका सतरंजीएवढी जागा पुरते. बाराच घाला, पण श्वासावर लक्ष ठेवून. शंभराचा आकडा गाठायची घाई नको.

त्यानंतर स्नान आणि दहा मिनिटे उपासना. ज्याचे जे उपास्य असेल, त्याचे नाम घ्यावे. इथे एक पथ्य पाळा. या दहा मिनिटांत गुण मागू नका. परीक्षेच्या वर्षात मुलाला प्रत्येक जण आकड्याने ओळखू लागतो : चाचणीचे गुण, क्लासमधला क्रमांक, मागच्या वेळची घसरण. घरी येणारा पाहुणासुद्धा आधी टक्केच विचारतो. कोट्यासारख्या ठिकाणी वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्या मुलाला तर आपल्याला याखेरीज काही ओळख आहे, हेच विसरायला होते. देवासमोर बसलेल्या मुलाला क्रमांक नसतो. निदान तेवढा वेळ तरी तो कोणाचा ‘रिझल्ट’ नसून ईश्वराचे लेकरू असतो. हे ज्याला रोज दहा मिनिटे अनुभवता येते, तो एका वाईट पेपरने खचत नाही. आणि खचलाच, तर कुठे जाऊन बसायचे हे त्याला ठाऊक असते.

मग अभ्यास. सर्वांत अवघड वाटणारा विषय आधी, चाळीस-पन्नास मिनिटे. सोपा विषय संध्याकाळी थकल्यावरही होतो.

‘आमचे घर लहान, सगळे एकाच खोलीत झोपतात, मला अशी सकाळ कशी मिळणार ?’ असे काही जण विचारतात. प्रश्न खरा आहे. १९३० साली गांधीजी पुण्याच्या येरवडा कारागृहात होते. तिथून ते दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर आश्रमवासीयांसाठी एकेका व्रतावर पत्र लिहीत. तीच पत्रे पुढे ‘मंगल प्रभात’ या पुस्तकात आली. जागा त्यांनी निवडलेली नव्हती, दिनक्रमावर पहारा होता. वेळ मात्र त्यांनी नेमून घेतली होती. तुम्हीही स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, जिन्याच्या पायरीवर, जिथे दिवा लावल्याने कुणाची झोप मोडणार नाही, ती एक जागा धरा.

एखाद्या दिवशी नाहीच जमले, उशीर झाला, तर त्या दिवशी तळहातांचे दर्शन आणि तीन वेळा नाम, एवढेच करून शाळेला पळा. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका.

शेवटी पालकांशी थोडे. आपण देवाला कसे उठवतो ? कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी पहाटे काकडा होतो, भूपाळ्या म्हटल्या जातात, हळूहळू स्वर चढतो, मग आरती. जगन्नियंत्याला जागे करण्यासाठी कोणी दार बडवत नाही, की शेजारचा मुलगा केव्हाच उठला असे त्याला ऐकवत नाही. मग लेकरालाच पंखा बंद करून, पांघरूण ओढून, ‘यंदा दहावी आहे’ या आरोळीने का उठवायचे ? पडदा सारा, देवापाशी दिवा लावा, त्याच्या डोक्यावर हात ठेवून नावाने हाक मारा आणि उठून बसायला त्याला पाच मिनिटे द्या.