चालीचा धनी

एखादें पद आवडलें म्हणजे तें कोणाचें, असें आपण सहज विचारतों, आणि उत्तरादाखल कवीचें नांव मिळालें म्हणजे आपलें समाधान होतें. त्या पदाची चाल कोणाची, हा प्रश्न मात्र सुशिक्षित घरांतूनही क्वचितच निघतो. हा केवळ विसराळूपणा आहे, कीं यांत कांहीं अन्यायही आहे?

आमच्या नातेपुते गांवीं आषाढी वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडहून येऊन मुक्काम करिते. दिंड्यांतून भजन चालतें आणि अभंगाच्या शेवटीं संताची नाममुद्रा येते. शब्दांचा धनी असा शतकानुशतकें ओळखीचा राहिला. चालीस धनी नाहीं. ती जणूं टाळांतूनच उपजली! यांत एक मोठेपणा आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. जें सर्वांचें झालें त्यावर एकाचें नांव कशाला, असें म्हणणाऱ्याशीं आमचें भांडण नाहीं.

परंतु मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेच्या अभंगाची एक भैरवी कित्येक भजनी मंडळ्या आज परंपरेची म्हणूनच गातात, आणि तिला तर कर्ता आहे. १९३१ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘कान्होपात्रा’ नाटकासाठीं मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं ती बांधिली. नाटक ज्यांना ठाऊक आहे तेही तिला बालगंधर्वांची म्हणतात. दिंडींतल्या पहिल्या अज्ञात चालकारानें आपलें नांव स्वतः बुडविलें असेल. कृष्णरावांचें नांव आपण बुडवितों. त्याग हा ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो. दुसऱ्याच्या वतीनें निःस्पृह होणें फार सोपें!

कृष्णरावांचे गुरु भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांची गोष्ट याहून बिकट आहे. फैज महंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां अशा तीन थोर गायकांची विद्या त्यांनीं एका गळ्यांत आणिली, १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाजाची स्थापना केली, आणि १९१६ सालीं खाडिलकरांच्या ‘स्वयंवरा’स संगीत दिलें. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका मागें राहिली नाहीं. जें राहिलें तें शिष्यांच्या गळ्यांत. जुन्या नाट्यपुस्तकांत पदाच्या माथ्यावर बारीक टाइपांत राग, ताल आणि ‘चाल’ अशी ओळ छापीत, आणि चालीपुढें बहुधा एखाद्या जुन्या चिजेचा आरंभ असे. म्हणजे आधाराची कबुली उघड होती. मग आक्षेपक म्हणेल, चीज जुनी, शब्द खाडिलकरांचे, गळा बालगंधर्वांचा. बुवांचें काय उरलें?

आमच्या मतें पुष्कळ उरलें. शेंकडों चिजांतून रुक्मिणीच्या त्या क्षणास शोभेल अशी एकच निवडणें, हिंदी बोलांच्या वळणावर मराठी अक्षरें अडखळूं न देतां बसविणें, तान कोठें आवरावी म्हणजे अर्थ झांकला जाणार नाहीं हें ठरविणें, आणि हें सारें एका विशिष्ट गळ्याची जात ओळखून करणें, ही निर्मिति नव्हे तर काय? सोनें खाणींतलें असलें तरी दागिना सोनाराचाच.

युरोपांत या प्रश्नाचा निकाल निराळा लागला. व्हिएन्नाचा प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव माहलर (१८६०–१९११) हा बुवांचा समकालीन. १८८९ सालीं बुडापेस्ट येथें प्रथम वाजलेल्या त्याच्या पहिल्या सिंफनींत मुलांच्या तोंडचें एक साधें गाणें आहे. तें त्यानें उदास स्वरांत फिरवून शवयात्रेस लाविलें. गाणें लोकांचें, तरी सिंफनी माहलरची, याविषयीं तेथें वाद नाहीं. त्याची नववी सिंफनी तो वारल्यावर १९१२ सालीं ब्रूनो वाल्टरनें प्रथम सादर केली. कर्त्यानें ती कधीं ऐकली नाहीं, पण कागदावर ती पुरी होती. आपल्याकडे कागदावरचा विश्वासच कमी. माहलरच्याच वर्षीं जन्मलेल्या भातखंड्यांनीं गांवोगांव हिंडून चिजा स्वरलिपींत उतरविल्या, तेव्हां कित्येक घराण्यांस तें आपलें धन चव्हाट्यावर आणण्यासारखें वाटलें.

गंमत अशी कीं, स्वतंत्र भारताच्या कायद्यानेंही कागदाचीच बाजू घेतली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगीतकृति म्हणजे छापलेली किंवा लिहिलेली स्वररचना, अशी व्याख्या होती. जी चाल नुसती गुरूनें शिष्यास सांगितली ती कायद्याच्या दृष्टीनें जन्मलीच नव्हती. लिहिण्याची ही अट १९९४ च्या दुरुस्तीनें गेली. इतकीं वर्षें सरकारही आमच्या श्रोत्यांसारखेंच वागलें म्हणावयाचें!

आतां एक अडचण खरी आहे. कृष्णरावांचें नांव घ्यावें तर त्यांच्या गुरूचें घ्यावें लागेल, आणि तेथून पुढें ज्यांच्या चिजा त्यांचीं. ही सांखळी कोठें तोडावयाची? श्राद्धांत पिता, पितामह आणि प्रपितामह यांचीं नांवें घेतात. त्यापलीकडचीं कोणास आठवतात? म्हणून आठवतात तींही गाळावींत, असें कोणीं भटजीनें सांगितल्याचें ऐकिवांत नाहीं. गणेशोत्सवांतल्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत निवेदक नाटककाराचें नांव घेतो, मूळ गायकाचें घेतो, वर्गणीदारांचीं तर यादी वाचून घेतो. तेथें कृष्णराव, भास्करबुवा आणि नत्थनखां एवढीं तीन नांवें उच्चारावयास अर्धें मिनिटही लागणार नाहीं.