पाहुण्याचं आसन

सुगी आटोपत आली आहे. बेळगुंदीच्या खळ्यांवर भात झोडून झालंय, पिंजर रचायचं बाकी आहे. आजची संध्याकाळ थोडी मोकळी ठेवा. सोप्यावर बसा, पाठ भिंतीला टेकू द्या, मोबाइल आत ठेवून या. श्वास आपल्या चालीनं येईल, जाईल. त्याला हाकायचं नाही.

आता मनानं लांब जायचंय. जपानातल्या यामानाशी प्रांतात, डोंगरांच्या कुशीत, केइउनकान नावाचं र्‍योकान आहे. र्‍योकान म्हणजे तिथली जुन्या वळणाची मुक्कामाची जागा. हे इ. स. 705 मध्ये सुरू झालं असं मानतात, आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून 2011 मध्ये गिनीज बुकात त्याची नोंद झाली. 705 साली आपल्या या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. एवढ्या काळापासून तिथे दारात आलेल्या वाटसरूला आत घेतलं जातंय. या काळाच्या लांबीवर क्षणभर थांबा.

दाराशी पायातलं काढा. आपणही उंबऱ्याबाहेर चप्पल काढतोच, पण तेव्हा लक्ष आत काय चाललंय याकडे असतं. आज ते पायांकडे असू द्या. एक पाय मोकळा झाला. मग दुसरा.

खोलीत या. पायाखाली तातामी आहे, इगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवतानं विणलेली जाड चटई. एक चटई साधारण 90 सेंटिमीटर रुंद, 180 सेंटिमीटर लांब. एका माणसाला आडवं होता येईल एवढी. खोली केवढी, हे तिथे चटया मोजून सांगतात. आणि जुन्या पद्धतीच्या तातामीच्या पोटात काय असतं? भाताचं पिंजर, घट्ट दाबून शिवलेलं. आपल्या खळ्यावर आत्ता पडलंय, तेच. तळव्यांना ते जाणवू द्या. इथे घाई करू नका.

खोलीत पलंग नाही. मधोमध एक बुटकं मेज आहे, त्यावर चहा. रात्री कुणीतरी येईल, मेज बाजूला सरकवेल, कपाटातून गाद्या काढून अंथरेल, आणि तीच खोली झोपायची होईल. जागा कमी म्हणून हे चालवून घेतलंय असं मला वाटत नाही. रिकामी जागा राखणं हाच तिथला मोठा पाहुणचार आहे.

आता अंघोळ. डोंगरातून आलेल्या गरम पाण्याचं कुंड आहे, पण त्यात थेट उतरायचं नाही. आधी बाहेर, बुटक्या स्टुलावर बसून, साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं, फेसाचा थेंबही राहू द्यायचा नाही. मगच पाण्यात. ते पाणी सगळ्यांचं असतं. तुमच्यानंतर येणारा माणूस तुम्हाला दिसणारही नाही, तरी तुम्ही त्याच्यासाठी अंग धुताय. या विचारात थोडं बसा.

बाहेर आल्यावर युकाता, म्हणजे तिथला सैलसर सुती झगा, नेसायचा: डावा पदर उजव्यावर. उलटा पदर तिथे फक्त मृताला नेसवतात.

जेवणाची वेळ घराची, तुमची नाही. ताटं येतील, नेली जातील. वर बक्षिसी देण्याची रीत नाही. आणि इथेच आपल्यासारख्यांना अवघड जातं. पाहुणचार करणं आपल्या रक्तात आहे, पण घेता येत नाही. कुणी पाणी आणलं की आपण अर्धे उठतोच, ‘असू दे, मी घेतो’ म्हणतो. आज उठू नका. कुणीतरी तुमच्यासाठी करतंय, ते पुरतं होऊ द्या. आत जी अस्वस्थता हलते तिच्याकडे बघा. तिच्यात संकोच किती, आणि फेड करून मोकळं व्हायची घाई किती?

आता गावच्या लक्ष्मी यात्रेकडे या. कित्येक वर्षांनी एकदा ती भरते, घराघरांत पै-पाहुण्यांच्या पंगती उठतात. तुम्ही कुठल्या तरी पंगतीत जेवला आहात. वाढणाऱ्या हातांवरून नजर वर न्या, त्या बाईच्या चेहऱ्यापर्यंत. तुमची आई असेल, वहिनी असेल, मामी असेल. यात्रा नसलेल्या एखाद्या साध्या दिवशी तिला कुणी बसवून वाढलं, ती जेवता जेवता एकदाही उठली नाही, असं शेवटचं कधी घडलं? ते आठवेपर्यंत डोळे मिटून बसा.