मत जरूर द्यावं

बोरिवलीहून निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच: ‘पिक्चर बरा आहे, पण कादंबरीची सर नाही!’ मत जरूर द्यावं. पण आधी दिग्दर्शकाला काय साधायचं होतं, ते पाहावं. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून १९७९ साली जब्बार पटेलांनी ‘सिंहासन’ हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन कादंबऱ्या एका चित्रपटात घालायच्या, तर बरंच काही गळणारच. काय गळलं, हे कुणीही सांगेल. पण शेवटी निळू फुल्यांचा पत्रकार दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. सत्तेच्या खेळाचा सगळा उबग त्या एका चेहऱ्यावर उतरतो. हे गळलेलं नाही, हे कमावलेलं आहे.

कुणी म्हणेल, मग मूळ लेखकाशी इमान नको? हवंच. पण ते आशयाशी, प्रत्येक प्रसंगाशी नव्हे. काही रूपांतरं साफ फसतात. तिथेही मत जरूर द्यावं, अगदी रोखठोक. फक्त ‘तुम्ही वाचलंच नाहीये’ म्हणून शेजारच्याचं तोंड बंद करू नये. त्याने पाहिलेला दिगू तुम्ही वाचलेल्या दिगूहून वेगळा निघाला, तर अंधेरी येईपर्यंत खुशाल वाद घाला.