बाळंतपणाचा खर्च कुणाच्या खात्यावर?

तळेगाव दाभाड्यात बाबासाहेब आंबेडकरांचं घर आहे. तिथून जवळच देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांच्या हस्ते रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मावळात बाबासाहेबांची आठवण निघते ती बहुतेक या दोन जागांच्या निमित्तानं. जयंतीच्या व्याख्यानांत संविधान येतं, धम्म येतो, चवदार तळं येतं. मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी बाळंतिणींच्या बाजूनं काय मांडलं, हे मात्र या पट्ट्यातल्या एकाही व्यासपीठावरून माझ्या कानांवर आलेलं नाही. मला तर वाटतं, मावळातल्या कष्टकरी बायकांच्या आजच्या जगण्याशी सगळ्यांत जवळचं नातं त्याच भाषणांचं आहे.

1928 चा जुलै महिना. मुंबईच्या कापडगिरण्या एप्रिलपासून संपामुळे बंद होत्या. अशा दिवसांत आर. एस. आसवले यांचं प्रसूती लाभ विधेयक मुंबई विधिमंडळापुढे होतं. त्याआधी कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1924 साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात असाच प्रयत्न केला होता आणि तो फेटाळला गेला होता. मालकांचा आक्षेप सरळ होता: बाई घरी बसणार आणि पैसे आम्ही का मोजायचे? 28 जुलैला बाबासाहेब बोलायला उभे राहिले. तेव्हा ते सरकारनियुक्त सदस्य होते, विधेयकही त्यांचं नव्हतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे. लोकांचं कल्याण राखणं हे मुळात सरकारचं काम, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनंच उचलायला हवा, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. मालकांच्या प्रतिनिधींना इथवर बरं वाटलं असेल. पण त्यांनी मालकाला सोडलं नाही. मालक बाईला कामावर घेतो ते काही धर्मादाय म्हणून नाही. तिच्या कामातून त्याचा फायदा होतो म्हणून. ज्याला फायदा होतो, त्यानं तिच्या बाळंतपणाचा काही भार उचलणं न्यायाचंच आहे. सरकार आज आपला वाटा उचलत नसेल, तर तेवढ्यावरून मालकाची जबाबदारी संपत नाही.

हा युक्तिवाद मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. यात आईच्या थोरवीचे गोडवे नाहीत, डोळ्यांत पाणी आणणारं काही नाही. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसानं हिशेबाची वही उघडून ठेवली आहे: लाभ कुणाचा, खर्च कुणाचा, आणि तो खर्च आजवर कोण मुकाट्यानं सोसत आलं आहे. सोसत आली होती ती बाई, अंगावर, बिनपगारी. पुढच्याच वर्षी, 1929 साली, मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला. मात्र तो कारखान्यांपुरताच होता.

दहा वर्षांनी चित्र पालटलं. 1937 च्या निवडणुकीनंतर बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून थेट विरोधी बाकांवर होते. 175 सदस्यांच्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचे आमदार मूठभर आणि समोर बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ. संपावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्याचं नेतृत्व करणाऱ्यांत ते होते. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, 10 नोव्हेंबरला, त्यांच्या पक्षाचा एक अशासकीय ठराव सभागृहात आला. संततिनियमनाचा सरकारनं जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध कराव्यात, अशी त्यात मागणी होती. बाबासाहेब हजर राहू शकले नाहीत. त्यांनी तयार केलेलं भाषण पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मांडलं.

त्या काळी हा विषय काढणंच धाडसाचं होतं. र. धों. कर्वे 1921 पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देत होते. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतलं होतं. ठरावाच्या भाषणात दारिद्र्याचे, लोकसंख्येचे त्या काळचे मुद्दे आहेतच. 1976 ची सक्तीची नसबंदी माहीत असलेल्या पिढीला त्यातले काही आज खटकतील, मलाही खटकतात. पण भाषणाचा खरा जीव बाईच्या देहाशी आहे. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलाला त्यांच्यातला कुणीही तयार झाला नसता, अशा आशयाचं त्यात एक विधान आहे. पुरुषांनी भरलेल्या सभागृहात ते उच्चारलं गेलं. मतदान झालं: बाजूनं 11, विरोधात 52. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य खातं असलेल्या सरकारच्या काळात हा ठराव पडला. 1952 साली स्वतंत्र भारताच्या सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

त्या 11 मतांना मी वाया गेलेली मतं मानत नाही. मंत्रिपद नसलेल्या सदस्याच्या हाती तिजोरी नसते, खातं नसतं. मागणी नेमक्या शब्दांत कामकाजाच्या नोंदीत जाईल आणि पुढच्या सरकारला ती पहिल्यांदाच ऐकतोय असं म्हणता येणार नाही, एवढं तो करू शकतो. 1928 ला तेच झालं, 1938 लाही तेच.

आता मावळात या. जानेवारीच्या शेवटी तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये आणि पवन मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची घाई असते, कारण 14 फेब्रुवारीसाठी फुलं परदेशी जायची असतात. बायका दमट, कोंदट हवेत कळ्या कापतात, मग उभ्यानं दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी करतात आणि वीस-वीसच्या जुड्या बांधतात. हे काम शेती की कारखाना? कागदावर ज्याला जे सोयीचं, ते. लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये चादरी बदलणाऱ्या, कामशेतजवळ बांधकामावर घमेली उचलणाऱ्या बायकांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते, आणि ठेकेदार बदलला की वही बदलते.

1961 च्या केंद्रीय कायद्यानं प्रसूती रजा देशभर नेली, 2017 च्या दुरुस्तीनं ती पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांवर गेली. मात्र लाभासाठी आधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. आंदर मावळातली कातकरी किंवा ठाकर बाई हे 80 दिवस कशानं सिद्ध करणार? तिच्यासाठी सरकारची दुसरी वाट आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं गरोदर आणि स्तनदा मातांना किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला. 2017 पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये ठेवले आणि उरलेली भर दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वेगळ्या अनुदानावर सोडली. पाच हजारांत आज किती आठवड्यांची मजुरी भरून निघते, हे ज्यानं-त्यानं आपल्या गावच्या रोजावरून काढावं.

म्हणजे मालक वहीआड लपला आणि सरकारनं आपला वाटा आखडता घेतला. बाबासाहेबांनी दोघांना एकत्र धरलं होतं. आपण दोघांनाही वेगवेगळ्या दारांनी जाऊ दिलं. मावळात आरोग्यावर चर्चा होते ती इमारतीच्या भूमिपूजनाची, रुग्णवाहिकेच्या लोकार्पणाची. त्या गोष्टी हव्यातच. पण आठव्या महिन्यापर्यंत जुड्या बांधणारी बाई रोज बुडेल म्हणून तपासणीला जात नसेल, तर खडकाळ्याच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर तिच्यासाठी काय करणार?

दिवाळी सरली की नागपूरचं हिवाळी अधिवेशन येईल. विरोधी बाकांवरच्या एखाद्या सदस्यानं तारांकित प्रश्न टाकावा: मावळ तालुक्यातल्या पॉलिहाऊस, रिसॉर्ट आणि बांधकामांवर ठेकेदारामार्फत किती स्त्रिया काम करतात, गेल्या तीन वर्षांत त्यांतल्या किती जणींना प्रसूती लाभ मिळाला, तो कुणी दिला, आणि ज्यांना मिळाला नाही त्यांच्या मूळ मालकावर कामगार खात्यानं कोणती कारवाई केली?