गारवा आपला, झळ कुणाची?



मे महिन्यात आपल्या भंडाऱ्यात पारा ४५ अंशांकडे जातो. नवतपात तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या निवासातला एसी खोली गार करीना. आम्ही आकडा १६ वर नेला. काही फरक पडला नाही.

मेकॅनिकने आतली जाळी काढून दाखवली. ती धुळीने पार बुजली होती. बाहेरच्या यंत्राला आम्हीच जुनी बाकडी टेकवून ठेवली होती. तो म्हणाला, "फादर, आकडा कमी केल्याने खोली लवकर गार होत नाही. दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा." आम्ही यंत्राला दोष देत होतो! प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपलेही असेच होते. दोष दुसऱ्याचे आठवतात, आपली जाळी तशीच राहते.

आणखी एक गोष्ट कळली. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आमच्या यंत्राचे तोंड शेजारच्या आजींच्या खिडकीकडे होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात एसीच्या वाढत्या वापराचा उल्लेख केला, तो का, हे तेव्हा उमगले. आम्ही यंत्राची जागा बदलली आणि आकडा २४ वर आणला.

पेलाभर गार पाणी देणाराही प्रतिफळाला मुकणार नाही, असे प्रभू येशूने सांगितले आहे. या आठवड्यात आपण जाळी धुऊ या, दाराशी पाण्याचा माठ ठेवू या आणि आपल्या गारव्याची झळ कुणाला लागते, तेही पाहू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू