सेवा आणि शिधा

सार्वजनिक तिजोरीतून खर्च घेऊन तरुणांनी केलेल्या सेवेस सेवा म्हणावे की नाही, हा प्रश्न प्रथमदर्शनी शब्दच्छलाचा वाटेल. परंतु ज्या घरातील मुले आज महाविद्यालयात जातात त्या घरास तो केव्हा ना केव्हा पडल्यावाचून राहत नाही. मुलगी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरास निघाली की आई विचारते, 'तिथे जेवणाखाणाची व्यवस्था कोणाकडे?' वडील विचारतात, 'याचे परीक्षेत गुण किती?' आणि आजोबा वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणतात, 'आमच्या वेळी सेवेला जाणारा पदरचे खाऊन जाई.' या तीन उद्गारांत तीन निरनिराळ्या वस्तू दडलेल्या आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच या विषयावरील बहुतेक वाद निष्फळ होतात, असे आम्हांस वाटते.

आजोबांचा आक्षेप हलका नाही. सेवेचा प्राण त्याग. आणि ज्याचा खर्च दुसऱ्याने सोसला तो त्याग कसला, असे त्यांचे म्हणणे. परंतु महाराष्ट्रातील सेवेचा इतिहास या मताला अनुकूल नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी दरमहा अवघ्या ७५ रुपयांवर २० वर्षे अध्यापन करण्याचा पण केला, आणि गोखल्यांनी तो शेवटास नेला. पुढे १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा सभासदाने समाज देईल तेवढ्या तरतुदीत समाधान मानून कुटुंब चालवावे, अशी शपथच घातली. हे लोक पदरचे खात नव्हते. तरी त्यांस पगारी नोकर म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. कारण त्यांस मिळे तो शिधा होता. शिधा माणसाला कामावर उभा ठेवतो. मजुरी कामाचे मोल चुकते करते. आणि बक्षीस करणाऱ्याच्या हेतूवरच बोली लावते. आईने विचारले ते शिध्याविषयी, वडिलांनी बक्षिसाविषयी. मजुरीचा विषय घरात निघत नाही, पण सरकारदरबारी तो फार निघतो. त्याकडे आम्ही पुढे वळू.

पदरचे खाऊन सेवा करावी हे तत्त्व उदात्त खरे. पण पदरात काही असणाऱ्यांपुरते. कणकवलीच्या बाजूस सुट्टीत काजू सोलण्याच्या कामावर जाणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांपैकी एकास शिबिराचे विचारले असता तो म्हणाला, 'सर, सात दिवस म्हणजे सात दिवसांची मजुरी.' त्याच्या ठिकाणी सेवाबुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? त्याला 'होय' म्हणावयाची सोय नव्हती, एवढेच. फुकट सेवेचा आग्रह धरला की सेवा ही खात्यापित्या घरची मिरास होते, आणि ज्याला घरची चूल सांभाळावयाची आहे तो कायमचा सेवेचा विषय राहतो, सेवेचा कर्ता कधीच होत नाही.

कोकणाला तर बिनमोल श्रमाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. खोताच्या शेतात कुळाने वेठीने राबावे, ही येथील कित्येक पिढ्यांची रीत होती; १९४९ च्या कायद्याने खोतीचा पाया काढला तेव्हा कोठे तिची मुळे ढिली झाली. त्या श्रमासही मोबदला नव्हता. मग वेठ आणि सेवा यांत भेद कोणता? भेद एवढाच की, वेठीला जाणाऱ्यास 'नाही' म्हणता येत नसे. अर्थात सेवेचे लक्षण मोबदल्याच्या अभावात शोधणे व्यर्थ आहे. जेथे 'नाही' म्हणण्याची मुभा आहे आणि 'होय' म्हणण्याची ऐपतही आहे, तेथेच सेवा संभवते. पहिलीवाचून ती वेठ होते. दुसरीवाचून ती चैन होते.

याचे उदाहरण शोधावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. मुंबई–गोवा महामार्गावर, देवगडचा रस्ता जेथून फुटतो त्या नांदगावापासून थोड्याच अंतरावर कणकवली आहे. तिच्याजवळ १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम वसविला आणि मैला, चामडे, संडास या विषयांत उच्चविद्याविभूषित माणसाने आयुष्य घातले. त्यापूर्वी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करू द्यावे अशी मागणी केली. ते ब्राह्मण म्हणून ती नाकारली गेली. त्यांनी अन्नत्याग आरंभिला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. या प्रसंगी अप्पासाहेब सरकारचाच शिधा खात होते, कारण ते बंदिवान होते. तरीही त्यांचे मागणे सेवेचे होते. उलट त्याच कामाचे चार पैसे घेणारा, जन्माने त्या कामास जखडलेला मनुष्य सेवा करीत नव्हता. त्याला 'नाही' म्हणण्याची वाटच नव्हती.

हाच विचार कोकणाबाहेर, समुद्रापलीकडेही झालेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक जमवून घरे उभारावयास घेतली; त्यांत कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारातील खेडी पुन्हा वसविण्यासाठी हिंदुस्थानात आले होते. त्यांचे काम मूठभर ध्येयवाद्यांचे होते. पुढे युरोपीय संघाने तोच मार्ग सार्वजनिक खर्चाने रुंद केला. १९८७ पासून विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना आणि १९९६ पासून स्वयंसेवेची योजना सुरू झाली. तिच्या आजच्या स्वरूपात १८ ते ३० वर्षांच्या तरुणास परदेशी सेवेसाठी प्रवास, निवास, जेवण, विमा आणि हातखर्च मिळतो. पगार मिळत नाही. म्हणजे तेथेही दिला जातो तो शिधाच.

आपल्याकडे चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने १९५९ नंतर विद्यार्थ्यांस राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली. ती सक्ती टळली, आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना ऐच्छिक म्हणून सुरू झाली. वर्षास १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा क्रम. सक्ती टळली हे आम्ही भाग्य समजतो. परंतु मागील दाराने बक्षीस आत आले. अनेक ठिकाणी या कामाबद्दल परीक्षेत वाढीव गुण मिळू लागले, आणि जे प्रमाणपत्र कामाचा पुरावा असावयाचे तेच कामाचे प्रयोजन होऊन बसले. वडिलांचा प्रश्न येथूनच निघतो. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. बाजारात जी वस्तू मांडली तिचा भाव माणूस विचारणारच.

मजुरीचा घोटाळा याहून गंभीर आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने युवकांसाठी कार्यप्रशिक्षणाची योजना काढली. बारावी उत्तीर्णास दरमहा ६०००, पदविकाधारकास ८०००, पदवीधरास १०००० रुपये विद्यावेतन, मुदत प्रथम सहा महिन्यांची, पुढे वाढवून अकरा महिन्यांची. शिकाऊस विद्यावेतन मिळावे हे योग्यच. पण शिकाऊ म्हणून आणलेला तरुण जर कचेरीतील रिकाम्या जागेचे काम उपसू लागला, तर तो शिधा राहिला नाही आणि मजुरीही झाली नाही. पगार चुकवावयाचा तेथे 'प्रशिक्षण' किंवा 'सेवा' हा शब्द पुढे करणे, ही वेठीची सुधारलेली आवृत्ती आहे. मुदत संपल्यावर त्या तरुणांनी कायम करण्याची मागणी केली, तेव्हा पुष्कळ सुखवस्तू लोकांस ती अवाजवी वाटली. आम्हांस मात्र तीत एक सरळ प्रश्न ऐकू येतो: आम्ही शिकत होतो, की कामच करीत होतो?

येथे कोणी म्हणेल, तिजोरीचा पैसा घेतला की तिजोरीच्या मालकाची हांजी हांजी आलीच. पण त्या तिजोरीचा मालक कोण? काडेपेटी विकत घेणारा मजूरही तीत भर घालतो. म्हणून त्या शिध्यावर गेलेला तरुण मंत्र्याचा नव्हे, त्या मजुराचा देणेकरी असतो. आणि गावात काय करावे हे शिबिराच्या फलकाने न ठरविता त्या मजुराने ठरवावे, हे ओघानेच येते.

या भागातील नेहमीचेच काम पाहा. वर्षास ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात येथील विहिरी तळ गाठतात, कारण उताराच्या जांभ्या जमिनीवरून पाणी पाहता पाहता खाडीस मिळते. म्हणून पाऊस सरल्यावर रिकाम्या गोण्यांत माती भरून व्हाळावर कच्चे बंधारे घालतात. विद्यार्थ्यांची पथके या कामी फार येतात. असा बंधारा पुढल्या पावसात वाहून जातो आणि पुन्हा घालावा लागतो. तो कोठे घालावा हे ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी हवे त्याला पथकाच्या प्रमुखाहून अधिक कळते. त्याला विचारून, त्याच्यासह गोणी उचलली, तर दुसऱ्या वर्षी तो स्वतः निरोप धाडतो. न विचारता घातलेल्या बंधाऱ्याचे छायाचित्र उरते.

सरकारकडे आमचे मागणे यापेक्षा मोठे नाही: शिधा पुरेसा असावा, म्हणजे काजू सोलणारा मुलगाही शिबिरास येऊ शकेल; गुणांचे आमिष काढून घ्यावे; आणि जेथे नोकरीचे काम आहे तेथे नोकरी द्यावी. सुशिक्षित कुटुंबांकडे मागणे थोडे अवघड आहे. मुलगी शिबिराहून परतली म्हणजे प्रमाणपत्र पाहण्याआधी तिला एवढेच विचारावे, की त्या गावात तू कोणाच्या घरी जेवलीस, आणि पुढल्या वर्षी त्यांनी तुला बोलावले आहे काय.