न दिसणारा टाका

टेक्सासमधील एल पासो हे शहर मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीकाठी वसले आहे. काउबॉय बुटांच्या कारागिरीसाठी ते ख्यातनाम आहे. चित्रपटांमुळे आपल्या परिचयाचा झालेला हा बूट मुळात श्रमिकाचे साधन. घोड्यावर दिवस काढणाऱ्या गुराख्यासाठी तो घडला. निमुळता पुढा रिकिबीत चटकन शिरावा, उंच टाचेने पाय तेथे अडून राहावा, आणि स्वार कोसळलाच तर पाय बुटातून सुटावा म्हणून त्याला नाडी नाही. शोभा नंतर आली.

मला मात्र नक्षीपेक्षा त्याचा तळ अधिक विचारात पाडतो. कारागीर गिऱ्हाइकाच्या दोन्ही पायांची मापे वेगवेगळी घेतो, कारण माणसाचे दोन पाय सहसा सारखे नसतात. फर्म्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून तो त्या पायाच्या आकारास आणतो. ओले कातडे पकडीने त्यावर ताणतो. मग आरीने भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने आतला तळ, वरचे कातडे आणि वेल्ट नावाची कडेची पट्टी एकत्र शिवतो. बाहेरचा तळ बसला की हा टाका झाकला जातो. पायाच्या कमानीखाली पोलादी पट्टी असते. तेथे तळ लाकडी खुंट्या ठोकून बसवतात. लोखंडी खिळा ओलाव्याने गंजतो. लाकूड मात्र चामड्याबरोबर फुगते व आक्रसते.

आता आतल्या तळास चामड्याऐवजी दाबलेला पुठ्ठा वापरला, शिवण्याऐवजी नुसते चिकटवले, तर दुकानात ते कोणास कळणार? मग हा खटाटोप कशासाठी?

'परमेश्वर पाहतो' हे आपले नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही. पण मला अपुरे वाटते. पहारा आहे म्हणून जो प्रामाणिक राहतो, तो पहारेकऱ्याचे ऋण फेडतो, गिऱ्हाइकाचे नव्हे. येथे देणे आहे ते त्या पायाचे. गिऱ्हाइकाला जे मागताही येत नाही, कारण ते असते हेच त्याला ठाऊक नाही, तेही त्याला द्यावयाचे.

परंतु याला एक आक्षेप आहे आणि तो मला झटकता येत नाही. मापाने शिवलेल्या अशा बुटाची किंमत आज सहज हजार डॉलरच्या पुढे जाते. गुरे राखणारा बहुधा कारखान्यातला बूट घालतो. हा बूट घेणाऱ्या पुष्कळांचा घोड्याशी संबंध नसतो. मग त्या टाक्यातली नीती कोणाच्या कामी आली? शिवाय नावाचा प्रश्न. सिसिलीहून आलेल्या साल्व्हातोरे लुकेसी यांनी 1883 मध्ये सॅन अँटोनियोत दुकान काढले. ते नाव आज एल पासोतील कंपनीचे आहे. टाका घालणारे हात, त्यांतले कित्येक मेक्सिकन वंशाचे, निनावीच राहतात. आपण तर चामडे शिवणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवले आणि त्याने शिवलेल्या वहाणा घालून गावात हिंडलो. तेव्हा टेक्सासकडे बोट दाखवताना हात थोडा आखडतो.

तळ झिजला की असा बूट दुरुस्तीला जातो. जुना तळ उचकटताच वेल्टचा टाका आणि खुंट्यांच्या ओळी उघड्या पडतात. कित्येक वर्षांनी, बहुधा दुसऱ्याच गावी, कोणी अनोळखी मोची त्या पाहतो. काम कच्चे असेल तर तो पुटपुटतो. पक्के असेल तर काहीच बोलत नाही. नवा तळ कापतो आणि त्याच जागी नव्या खुंट्या ठोकू लागतो.